पाण्यावरची सही

छत्री आली, खुर्च्या आल्या, सँडविचचे डबे आले, अण्णांचं स्टूल आलं आणि शेवटी थोरला आला, म्हणजे कार्यक्रम सुरू झाला असं समजायला हरकत नव्हती. त्यानं पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट घातला होता. नदीकाठच्या चिखलात पांढरा शर्ट घालून येणारा माणूस एक तर फार निरागस असतो, नाहीतर त्याला फोटो काढून घ्यायचे असतात. थोरला विमा विकायचा. त्याला निरागस म्हणण्याचं धाडस त्याच्या गिऱ्हाइकांनीही कधी केलं नव्हतं.

त्याची बहीण, मधली, उतारावर उभी राहून सगळं बघत होती. दुकान बंद ठेवून आली होती. चित्रांना चौकटी घालायचं तिचं दुकान, आणि सध्या दुकानभर अण्णांचीच चित्रं भिंतींना टेकून उभी होती. प्रदर्शनासाठी प्रत्येकाभोवती पांढऱ्या पुठ्ठ्याचा माउंट कापायचा, मग काच, मग लाकूड. माउंटची खिडकी कापताना पट्टी कुठे ठेवायची, हे थोरल्यानं तिला फोन करकरून सांगितलं होतं. उजव्या कोपऱ्यातली अण्णांची सही पूर्ण दिसली पाहिजे. ती दिसत होती. दरवेळी नेमकी आईच्या पाण्यावर दिसत होती, आणि मधली दरवेळी दात आवळून ब्लेड ओढत होती.

ह्या काठावर चित्रं कशी व्हायची ते घरातल्या सगळ्यांना माहीत होतं आणि घराबाहेर कुणालाच नाही. अण्णा सकाळी बसायचे. आकाश, पलीकडचा काठ, झाडं, पालथी घातलेली होडी, सगळं झपाट्यानं व्हायचं. कागदाचा खालचा अर्धा भाग पांढरा उरला की "आता पाणी" म्हणून उठायचे आणि पाय मोकळे करायला पुलाकडे जायचे. मग आई थर्मास बाजूला ठेवून त्या स्टुलावर बसायची. मगमध्ये नदीचंच पाणी भरून आणायची, जिचं चित्र तिचंच पाणी हवं असा तिचा हट्ट होता. कागद ओला करायची, बराच वेळ नुसती नदीकडे बघत राहायची, आणि मग इतक्या भरभर हात चालवायची की अण्णा पुलावरून परत येईपर्यंत कागदावर नदी वाहत असायची. अण्णा बघायचे, मान हलवायचे आणि त्या पाण्यात सही ठोकायचे. पुलावर कुणी ओळखीचं भेटलं आणि चित्र सोडून इकडे कुठे असं विचारलं, तर सांगायचे, "कागद वाळत ठेवलाय."

आईनं ह्याबद्दल जन्मात तक्रार केली नाही. मधली लहानपणी तिच्या मांडीला टेकून बसायची. पाणी रंगवायचं नसतं, ते आपलं आपण येतं, आपण फक्त त्याला कुठे अडवायचं ते बघायचं, असं आई तिला सांगायची. अण्णांना हेच जमायचं नाही. त्यांना सगळं पुसून, घासून, ठासून बसवायची सवय, आणि पाणी ठासून बसवलं की त्याचं पायपुसणं होतं.

आई गेली आणि काही महिन्यांनी अण्णा पुन्हा ह्या काठावर आले. मधली सोबत होती. काठ झाला, झाडं झाली, होडी झाली. "आता पाणी," अण्णा सवयीनं म्हणाले, उठले आणि तिच्याकडे बघत राहिले. मधलीला त्यांची दया आली होती, खोटं कशाला बोला. पण ती म्हणाली, "मी करते अण्णा. पण खाली तुमची सही नको. आणि आधीच्या चित्रांतलं पाणी कुणाचं, तेही एकदा सांगून टाका." अण्णांनी कागद गुंडाळला. त्यानंतरचे सगळे कागद तसेच अर्धवट, कपाटामागे उभे राहिले. मधलीनं संप केला होता, आणि मालक वाटाघाटींना यायला तयार नव्हता.

एवढ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं. पण कलादालनानं प्रदर्शनासाठी आणखी चित्रं मागितली आणि थोरल्यानं कपाटामागचा गठ्ठाही उचलून दिला. चित्राची पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली एवढं त्याला ओळखता यायचं, त्यापुढे त्याचा अभ्यास नव्हता. कलादालनाचे एक समीक्षक होते, त्यांनी ते अर्धे पांढरे कागद पाहिले आणि त्यांना म्हणे रात्रभर झोप लागली नाही. त्यांनी लेख लिहिला. 'रिकामं पाणी' असं त्याचं नाव. पाणी म्हणजे स्मृती, पाणी म्हणजे स्त्रीतत्त्व, पाणी म्हणजे काळ, आणि सहधर्मचारिणीच्या निधनानंतर कलावंतानं तेच कागदावरून पुसून टाकलेलं. अण्णांनी तो लेख भिंग घेऊन वाचला, मग भिंगाशिवाय वाचला, मग आत्याला मोठ्यानं वाचून दाखवला.

"पाणी म्हणजे पाणी, हे कुठल्या पानावर आहे?" आत्यानं विचारलं.

तर असं होतं. संप मधलीचा, आणि त्याबद्दल सत्कार मालकाचा. प्रदर्शनाचं नाव 'रिकामं पाणी' ठरलं. पुस्तिका दोन दिवसांत छापायला जायची होती, आणि तिच्यासाठी समीक्षक आज अण्णांना उघड्यावर, नदीसमोर, चित्र काढताना पाहणार होते. आज अण्णा बोलले तर बोलले. एकदा ती पुस्तिका छापली गेली की आईचं पाणी कायमचं अण्णांचं होणार होतं, आणि आई चहावाली.

थोरल्यानं तिला गाडीच्या मागे गाठलं.

"हे बघ, आज काही तमाशा नको."

"मी कुठे काय बोलले?"

"तू बोलत नाहीस तेव्हाच भीती वाटते. अण्णांचं वय बघ. ह्या वयात त्यांना खोटं पाडणार का तू?"

"मी नाही पाडणार, दादा. मी सांगितलं तर लोक म्हणतील, मुलीला बापाचं बघवत नाही. त्यांनीच सांगायला हवं."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मी माउंट कापते आणि घरी जाते. ह्यापुढे तुमच्या घरी यायची नाही."

थोरल्यानं 'तुमच्या घरी' ह्या शब्दांवर थोडा विचार केल्यासारखं केलं. मग त्याला शर्टावर चिखलाचा ठिपका दिसला आणि विचार तिथेच थांबला. त्यानं आत्याला मध्यस्थीला बोलावलं. आत्या अण्णांहून मोठी, सत्तरी ओलांडलेल्या ह्या चित्रकाराला अजून बाळ्या म्हणणारी जगातली शेवटची व्यक्ती. ती खुर्चीतून हलली नाही, तिथूनच निकाल दिला. घरातलं झाकलेलं झाकलेलंच राहू दे, म्हणाली. मेलेल्या माणसाला नावाचं काय करायचंय.

मधलीला हे लागलं. आई आजारी असताना आत्याच रात्र-रात्र तिच्या उशाशी बसली होती. निदान ती तरी आपल्या बाजूची आहे असं मधलीनं गृहीत धरलं होतं. आता उरली वहिनी, आणि वहिनी सकाळपासून सँडविच मोजून झाकून ठेवण्यात गुंतली होती. लग्न होऊन आल्यापासून वहिनीनं ह्या घरातल्या कुठल्याही भांडणात बाजू घेतली नव्हती. त्यामुळेच तिची तब्येत सगळ्यांत चांगली होती.

समीक्षक आले ते गुडघ्यापर्यंतचे नवेकोरे रबरी बूट घालून. नदी त्यांच्यापासून चांगली लांब होती, पण तयारी असावी माणसाची. आवाज मऊ, बोलताना डोळे मिटायची सवय. त्यांनी अण्णांना वाकून नमस्कार केला, नदीला हात जोडले आणि थोरल्याशी हस्तांदोलन केलं. बायकांपैकी कोण कोण आहे ते त्यांनी विचारलं नाही.

"पाण्याशी आपलं नातं अगदी बालपणापासूनचं असणार," ते अण्णांना म्हणाले.

"लहानपणी आंघोळीच्या वेळी माळ्यावर जाऊन बसायचा," आत्या म्हणाली.

समीक्षकांनी तेही टिपून घेतलं. बालपणीचं भय, असं शेजारी लिहिलेलं मधलीनं वाकून पाहिलं. आत्यानं त्याच क्षणी त्यांचं बारसं करून टाकलं, आणि दिवसभर ते ह्या मंडळींत रूपकराव म्हणूनच वावरले. त्यांना पत्ता नव्हता.

अण्णा स्टुलावर बसले. फळी मांडीवर, कागदाची चार टोकं चिकटवलेली. रूपकरावांनी मागे जाऊन, पुढे येऊन, एक डोळा मिटून पाहिलं आणि त्यांना काहीतरी कमी वाटलं. विचारल्यावर कळलं, सौभाग्यवती इथे छत्री घेऊन उभ्या राहत असत ना? थोरल्यानंच कधीतरी तसं सांगितलं होतं. मग तसंच एक छायाचित्र हवं. कलावंत समोर, मागे सहचारिणीची सावली. सहचारिणी नाही तर सूनबाई चालतील, चेहरा काही दिसणार नाही.

वहिनी छत्री धरून उभी राहिली. छत्री बागेतली, लोखंडी दांड्याची. फोटो लगेच निघाला, पण सावली हलेल म्हणून तिला तसंच थांबायला सांगितलं. अण्णांनी आकाश केलं. वहिनीनं हात बदलला. अण्णांनी पलीकडचा काठ केला. वहिनीनं पुन्हा हात बदलला आणि नवऱ्याकडे पाहिलं. नवरा रूपकरावांना सांगत होता की आई तशी साधी होती, पण अण्णांच्या कलेला तिनं सावली दिली.

"वन्सं," वहिनी तोंड न हलवता मधलीला म्हणाली, "सासूबाई खरंच अशा उभ्या राहायच्या?"

"एक दिवस नाही. छत्री जमिनीत खोचलेली असायची. ती स्टुलावर असायची."

"माहितीये मला. मी बघितलंय की." वहिनीनं छत्रीचा हात पुन्हा बदलला. "मी नवीन असताना. त्या पाणी करत होत्या आणि मी विचारलं, आई, हे अण्णांचं चित्र ना? तर म्हणाल्या, काठ त्यांचा."

मधलीनं वळून तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं एकाच घरात वावरून ही गोष्ट वहिनीनं कुणाला सांगितली नव्हती, आणि आज एका लोखंडी छत्रीनं ती बाहेर काढली. वहिनीनं छत्री मिटली, नवऱ्याच्या हातात दिली आणि हात चोळत मधलीच्या शेजारी येऊन उभी राहिली. थोरला छत्री घेऊन उभा होता. सावली पडायला हवी म्हणून त्याला ती पुन्हा उघडावी लागली.

अण्णांची होडी झाली. झाडं झाली. हात अजून खणखणीत होता, हे मधलीलाही कबूल करावं लागलं. खाली पांढरं उरलं. अण्णांनी ब्रश मगमध्ये बुडवला, झटकला आणि थांबले. "आता," ते म्हणाले आणि पुढचा शब्द गिळून गप्प झाले. त्यांची नजर मधलीकडे गेली आणि परत फिरली.

रूपकरावांनी श्वास रोखला. पांढऱ्या जागेचे वेगवेगळ्या बाजूंनी फोटो काढले. मग खिशातून पुस्तिकेचा मजकूर काढून म्हणाले की हा क्षण पाहिल्यावर आता हे वाचलंच पाहिजे, आणि डोळे अधूनमधून मिटत वाचू लागले. सुरुवातीला स्मृती, स्त्रीतत्त्व आणि काळ येऊन गेले. अण्णा मान खाली घालून ऐकत होते. त्यांना बरं वाटत होतं, ते लपत नव्हतं. मधलीला वाटलं, संपलं. आता हा माणूस शेवटपर्यंत गप्प बसणार, आणि ह्याला ह्यात काही खोटंही वाटणार नाही.

"'त्या साध्यासुध्या गृहिणीला,'" रूपकराव वाचत होते, "'आपल्या पतीच्या चित्रांतलं पाणी कदाचित कधीच उमगलं नसेल. तरीही नकळत ती त्या पाण्याचा उगम होती.'"

अण्णांनी मान वर केली.

"परत वाचा."

रूपकरावांना फार आनंद झाला. त्यांनी आणखी सावकाश वाचलं.

"कुणाला उमगलं नसेल?"

"म्हणजे, रूढ अर्थानं हो. कलेची जाण ह्या अर्थानं."

आत्यानं खुर्चीचे हात धरून उठायची तयारी केली. "बाळ्या," ती म्हणाली, "आता तू सांग. नाहीतर मी सांगते, आणि मी सांगायला लागले तर फार लांबेल."

थोरला छत्रीखालून म्हणाला की आत्या, तूच तर मघाशी झाकून ठेव म्हणालीस. मेलेल्या माणसाला नाव लागत नाही म्हणाले होते, आत्या म्हणाली, तिला अडाणी म्हणा असं नव्हते म्हणाले.

अण्णांनी हातानंच दोघांना थांबवलं. "बसा," ते रूपकरावांना म्हणाले. "पाणी करून दाखवतो."

मधलीला हेच हवं होतं आणि आता बघवत नव्हतं. अण्णांनी कागद ओला केला, जरा जास्तच. निळा लावला, तो खाली धावला. तो अडवायला त्यांनी हिरवा लावला, मग दोन्ही पुसायला करडा. घासलं, ठासलं, फडक्यानं टिपलं, परत घासलं. कपाळावर घाम आला होता. थोड्या वेळानं पलीकडच्या देखण्या काठाखाली ओलं पायपुसणं पसरलेलं होतं. अण्णांनी ब्रश खाली ठेवला.

"केवढा क्षोभ," रूपकराव कुजबुजले. "विरहानं गढुळलेलं..."

"अहो, गढूळबिढूळ काही नाही," अण्णा म्हणाले. "मला पाणी येत नाही."

"म्हणजे ती आपल्याला सोडून गेल्यापासून..."

"तिच्याआधीही येत नव्हतं. चित्रं इथली असोत की कुठली, पाणी सगळं तिनं केलं. मी पुलावर जाऊन उभा राहायचो. ती असताना मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. आणि ती गेल्यावर तुम्ही इतकं छान लिहिलंत की सांगवेना."

रूपकरावांनी डोळे मिटले आणि त्यांचा चेहरा उजळला. "पत्नीच माझं पाणी होती. किती सुंदर रूपक आहे हे."

ह्यावर आत्या उठली. मधलीलाही हसू फुटलं असतं, पण अण्णांनी पेनासाठी तिच्यापुढे हात केला होता. तिनं त्यात पेन दिलं. अण्णांनी त्या पायपुसण्याच्या उजव्या कोपऱ्यात सही केली, नेहमीसारखी, मोठी.

"ही खरी," ते रूपकरावांना म्हणाले. "बाकीच्या सगळ्या चुकीच्या जागी पडल्यात. रूपक नाही हे. तुमच्या पुस्तिकेत लिहा. काठ माझे, पाणी तिचं. नाव लिहून घ्या."

त्यांनी आईचं पूर्ण नाव सांगितलं. रूपकरावांनी ते लिहून घेतलं आणि पहिल्यांदाच शेजारी काही अर्थ न लिहिता पेन थांबवलं. त्यांचा चेहरा पडला होता. रात्रभर झोप न लागलेल्या माणसाबद्दल मधलीला थोडी कणवही आली. थोरल्यानं हळूच विचारलं, आता प्रदर्शनाचं काय. वहिनीनं त्याच्या मोकळ्या हातात एक सँडविच दिलं, बोलायची सोय राहू नये म्हणून.

अण्णा मधलीकडे वळले. "तू माउंट कापतेस ना, ते जरा वर घे. माझी सही झाकून टाक."

"झाकता येईल. पण तेवढं पाणीही झाकलं जाईल."

अण्णांनी विचार केला. "मग नको. पाणी एवढंसुद्धा जायला नको." परत विचार केला. पांढऱ्या पुठ्ठ्यावर, खिडकीच्या खाली, भरपूर जागा असते, हे त्यांना आठवलं असावं. "मग पुठ्ठ्यावर तिची सही घाल. छापील नाव नको. तिची सही, तिच्या हातची, जशी ती करायची तशी. तू बघून हुबेहूब उतरवशील."

"उतरवीन."

"कशी करायची गं ती?"

शाळेच्या प्रगतिपुस्तकावर अण्णांची सही असायची. घराच्या कागदांवर अण्णांची. वाढदिवसाच्या भेटींवर आई लिहायची, 'आई आणि अण्णांकडून', साध्या अक्षरांत. मधलीनं आठवून पाहिलं, परत पाहिलं. वहिनीकडे पाहिलं, वहिनीनं मान हलवली. आत्या खाली बघत होती. थोरल्याचं तोंड सँडविचनं भरलेलं होतं, पण ते रिकामं असतं तरी फरक पडला नसता.

आईच्या नावासाठी दोन वर्षं सगळ्या घराशी भांडणारी मधली काठावर तशीच उभी राहिली. अण्णा पेन पुढे करून वाट बघत होते, आणि तिनं आईची सही कधी पाहिलीच नव्हती.